निवारा, सेवा आणि जात: बेंगळुरूतले आठ महिने

(बेंगळुरूत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या अभ्यासगटात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की ताईंनी बेघर बायकांच्या निवाऱ्यात आठ महिने राहून त्यांची सेवा केली. ऐकायला बरं वाटलं, पण बोलायला लागण्याआधी एक दुरुस्ती करते. मी तिथं सेवा करायला गेले नव्हते. मला राहायला जागा नव्हती म्हणून गेले होते.

झालं असं. मी उदगीरची. समाजशास्त्रात एम.ए. करून लातूर-यशवंतपूर गाडीनं इथं आले ती पीएच.डी.साठी. दुसऱ्या वर्षी फेलोशिप रखडली. रखडणं म्हणजे काय ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. वसतिगृहाची मुदत संपली होती. बाहेर खोली बघायला निघाले तर बेंगळुरूचा तो प्रसिद्ध ॲडव्हान्स: कुठं सहा महिन्यांचं भाडं, कुठं दहा महिन्यांचं. आणि पैशांची जुळवाजुळव व्हायच्या आधीच प्रश्न सुरू. आडनाव काय? मूळ गाव? वडील काय करतात? नॉनव्हेज खाता का? एका मालकीणबाईंनी सगळं गोड बोलून विचारलं, कॉफी दिली, आणि संध्याकाळी दलालाकरवी निरोप पाठवला की खोली त्यांच्या भाच्याला लागणार आहे. महिन्याभरानं त्याच खोलीवर 'टू-लेट'ची पाटी लटकताना मी पाहिली. भाचा आला नसावा.

गंमत बघा, माझा प्रबंधच शहरातली भाड्याची घरं आणि जात यावर आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला जवळपास पाठ आहे. भाडं परवडत असलं तरी दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कसं परतवलं जातं ते त्यात आहे. आता तोच अभ्यास माझ्यावर चालला होता.

मग एका मैत्रिणीकडून कळलं, की बायकांचा निवारा चालवणाऱ्या एका संस्थेला निवासी स्वयंसेविका हवी आहे, जेवण-राहणं मोफत. संस्थेचं नाव मी घेणार नाही. मी जे सांगणार आहे ते त्या एका संस्थेपुरतं नाही. गाईडना सांगितलं की फील्डवर्क आहे. घरी सांगितलं, हॉस्टेल मिळालं. संस्थेला सांगितलं, समाजकार्याची आवड आहे. तिघांनाही पुरतं खरं सांगितलं नाही.

पहिल्या रात्री तिथं झोप लागेना तेव्हा मला बडोदा आठवलं. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तर शहरात त्यांना कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. सामान बाहेर काढून गाडीच्या वेळेपर्यंत ते कामाठीबागेत बसून होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आपण तो प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण कोलंबियात शिकून आलेला, संस्थानाच्या नोकरीतला तो माणूस त्या दिवशी बेघर होता, हे मी त्याआधी कधी या शब्दात वाचलं नव्हतं. पगार होता, पद होतं, झोपायला जागा नव्हती.

हे सांगते कारण निवाऱ्यात जाईपर्यंत माझ्याही डोक्यात बेघर म्हणजे फुटपाथवर हात पसरून बसलेला माणूस असंच चित्र होतं. आमचा निवारा के. आर. मार्केटपासून चालत पंधरा मिनिटांवर, महापालिकेच्या एका जुन्या इमारतीत. दोन हॉल, तीन संडास, दोन न्हाणीघरं, चाळीसेक बायका आणि सात-आठ पोरं. दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा, कारण चौघीजणी फुलबाजारात हार ओवायला जायच्या आणि दाराची किल्ली माझ्या उशाशी असायची. पाचला पाणी. कावेरीचं पाणी दिवसाआड यायचं, त्या दिवशी सगळे ड्रम भरून घ्यायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी न्हाणीघरापुढं युद्ध. सातला उप्पिट्टु किंवा चित्रान्न. मग एकीला तिच्या डोक्याच्या गोळ्या आठवणीनं द्यायच्या, ती त्या जिभेखाली लपवून ठेवायची, म्हणून दोन मिनिटं तिच्याशी गप्पा मारत उभं राहायचं. पोरांच्या डोक्यातल्या उवा. गाद्यांतले ढेकूण. मोबाईल चार्ज करायला हॉलमध्ये दोनच सॉकेट, त्यावरून रोज भांडण. रात्री एकच्या पुढं मंगल कार्यालयांत वाढपाचं काम करणाऱ्या बायका रिक्षातून उतरायच्या, पिशवीत उरलेला पुलाव असायचा, आणि मला उठवून विचारायच्या, "ऊटा आय्ता?" जेवलीस का? रात्रीच्या एक वाजता! मी कितीदा उठून जेवले आहे.

तर या सगळ्या काम करणाऱ्या बायका. हार ओवणाऱ्या, लसूण निवडणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या, ऑफिसांत लादी पुसणाऱ्या. रायचूर-यादगीर-कलबुर्गीकडून मुकादमाबरोबर बांधकामावर आलेल्या आणि काम संपल्यावर इथंच राहिलेल्या. ज्या माणसाच्या नावावर खोली होती त्यानं मारून बाहेर काढलेल्या. शहर त्यांच्या हातचे हार देवाला घालतं, मग हात कुठं झोपतात ते विचारत नाही.

आता थोडे आकडे, कारण ते नसले की आपली गोष्ट नुसती करुण होते. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत झाली, २८ फेब्रुवारीला. देशभरात १७ लाख ७० हजारांच्या वर माणसं भरली. पोलीस उठवतील म्हणून आडोशाला झोपणारी बाई त्या रात्री किती सापडली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. २०१० साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांसाठी आदेश दिले: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास, बारा महिने उघडा. बेंगळुरू महापालिकेची लोकसंख्या २०११ला ८४ लाखांच्या वर होती. म्हणजे ८४ निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही नव्हतं. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम आले: माणशी निदान ५० चौरस फूट जागा, एक व्यवस्थापक, आणि आठ-आठ तासांच्या पाळीनं निदान तीन काळजीवाहक.

मी एका दुपारी शिंप्याचा टेप आणून आमचा हॉल मोजला. माणशी वीस चौरस फूटही भरले नाहीत. आणि तीन काळजीवाहकांच्या जागी एक पगारी अक्का आणि एक बिनपगारी मी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्याला सगळे माझी सेवा म्हणत होते ती खरं तर न भरलेली दोन पदं होती. मी फुकट राबत होते म्हणून दोन बायकांचा पगार वाचत होता. त्या दोन बायका कदाचित त्याच हॉलमध्ये झोपल्या होत्या.

दाराबद्दलही सांगायला हवं. चोवीस तास उघडा हा नियम आमच्याकडे कागदावर होता. नऊला सगळ्यांनी बाहेर, सहाला आत, रात्री दहाला कुलूप. पाळीनं काम करणाऱ्यांसाठी मी किल्ली फिरवायची ती माझ्या जबाबदारीवर. दिवसभर बाहेर म्हणजे कुठं? आजारी असलं, पाळी आली असली, तरी बाहेर. देवळाच्या पायऱ्या, बसस्टँड, कब्बन पार्क. आणि तिथं बसलं की भीती गाडीची. कर्नाटकात १९७५चा भिक्षाबंदी कायदा आहे, घरपट्टीबरोबर त्यासाठी ३ टक्के उपकर गोळा होतो, आणि मागडी रोडवरच्या सुमनहळ्ळीला ते केंद्र आहे, ज्याला अख्खं शहर 'बेगर्स कॉलनी' म्हणतं. २०१०च्या ऑगस्टमध्ये तिथं थोड्याच दिवसांत वीसहून अधिक माणसं दगावली, देशभर बातम्या आल्या. आमच्या बायकांनी वर्तमानपत्र वाचलं नव्हतं, पण 'कॉलनीची गाडी' हे दोन शब्द प्रत्येकीला ठाऊक होते. त्या पोरांना झोपवताना भुताऐवजी ती गाडी सांगायच्या.

रविवारी पाहुणे यायचे. सॉफ्टवेअर कंपन्यांतली मुलंमुली, वाढदिवस साजरा करणारी कुटुंबं. केक, केळी, साड्या. चांगली माणसं असायची, त्यांची टवाळी करायला मी उभी नाही. एक मुलगी दर रविवारी येऊन बायकांच्या केसांना तेल लावायची आणि कधी फोटो काढला नाही. पण बाकी बऱ्याच जणांना झाडू हातात घेऊन फोटो हवा असायचा. अंगण झाडायचे. संडासाकडं कुणी जायचं नाही.

संडास कोण धुवायचं? अक्का. अक्का रायचूरकडची, मादिग. तिच्या कामात ते लिहिलेलं नव्हतं. ती रजेवर गेली की न सांगता दोन बायका बादली उचलायच्या, त्याही आपल्यातल्याच. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी त्यांना अडवलंही नव्हतं. मी गेल्यावर पंधरा दिवसांत तिसरं नाव माझं झालं. संस्थेच्या समन्वयक बाई मला कौतुकानं म्हणाल्या, तुमच्या महाराष्ट्रात गाडगेबाबा होऊन गेले ना, तू त्यांच्यासारखी आहेस.

मला त्या रात्री रडू आलं. आता सांगताना लाज वाटते, पण आलं. धर्मांतरानंतर आमच्या घरानं गावकी सोडली. आजी सांगायची, वाड्यापुढचं अंगण झाडायला नाही म्हटल्यावर दोन वर्षं तिला गावात कुणी मजुरीला बोलावलं नाही. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, पण परत झाडू हातात घेतला नाही. तिची नात एम.ए. होऊन बेंगळुरूत संडास घासत होती आणि लोक त्याला साधना म्हणत होते. त्या समन्वयक बाई झाडू घेतात तेव्हा त्यांचं पुण्य वाढतं. मी घेते तेव्हा सगळं आपल्या जागी आल्यासारखं दिसतं. एकच झाडू, एकच फरशी.

आणि गाडगेबाबांचं नाव असं वापरलेलं मला सोसत नाही. बाबा परीट समाजातले. ते गाव झाडायचे ते गावाला लाजवायला, दिवसभर झाडून संध्याकाळी कीर्तनात त्याच गावाची खरडपट्टी काढायला. पंढरपुरात इतर धर्मशाळांत ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि ती पुढं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. बेघरांच्या निवाऱ्याचा आपला इतिहास बघायचा तर तिथून बघा.

मी बैठकीत मागणी केली की भिंतीवर पाळीपत्रक लावा, समन्वयक, रविवारचे स्वयंसेवक, सगळ्यांची नावं, आणि त्यात संडास हा शब्द स्पष्ट लिहा. लावलं. पहिल्या आठवड्यात दोघांनी पाळी केली, मनापासून केली. मग कुणाची कंबर दुखली, कुणाची मीटिंग निघाली. दीड महिन्यात तो कागद पाण्यानं भिजून गळून पडला आणि कुणी नवा लावला नाही. तेव्हा मी पवित्रा बदलला. म्हटलं, पाळी राहू द्या, अक्काला हातमोजे, बूट, लांब दांड्याचा ब्रश आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. देणग्यांतून महिना दीड हजार रुपये सुरू झाले. आठ महिन्यांतलं माझं एवढंच एक ठोस काम असेल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट.

निवाऱ्यात एक मावशी होत्या, आळंद तालुक्यातल्या, म्हणजे कलबुर्गी जिल्हा पण बोलणं मराठी. साठीच्या पुढच्या. मुलानं घराबाहेर काढलेल्या. माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा फुलला होता. पंधरा दिवस त्या मला आपल्या अंथरुणाजवळ बसवून गावाकडचं सांगायच्या. मग एक दिवस विचारलं,

"उदगिरात कुठं राहता गं तुम्ही?"

"भीमनगरला."

"बरं बरं."

बस, एवढंच. त्या रात्री मी भात वाढत होते. मावशींनी ताट मागं घेतलं, म्हणाल्या भूक नाही. नंतर पाहिलं तर दुसरी बाई डाव घेऊन उभी राहिल्यावर जेवत होत्या. दुसऱ्या दिवशी तसंच. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी, दोन लुगडी, आणि कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. बाकी सगळं गेलं होतं, हे राहिलं होतं.

मी समन्वयकांना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, म्हातारी आहे, दुखावलेली आहे, सोडून दे. सेवेत अहंकार नसावा.

मित्रांनो, या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ला बोटीवरून ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिलं. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला, ज्याचं पुढं हरिजन सेवक संघ झालं, त्यानं काय करावं यावर. त्यांचं म्हणणं असं, की व्यायामशाळा, ग्रंथालयं, दारूबंदी असली कामं करून एकेका माणसाला सुधारत बसू नका. विहिरी, शाळा, गावातला वावर यांसाठी नागरी हक्कांची मोहीम काढा. त्यात मारामारी होईल, ती होऊ द्या. आणि काम करायला माणसं त्या समाजातलीच घ्या, कारण त्यांना ते जिव्हाळ्यानं करता येईल. त्या पत्राची पोचही आली नाही असं बाबासाहेबांनी नंतर लिहिलं आहे. त्या निवाऱ्यात माझ्या हातात मोहीम नव्हती, एक डाव होता. पण माझा प्रश्न तोच होता, मी वाढण्याचा हक्क मागते आहे, की मला अहंकार झालाय?

तिसऱ्या रात्री मी मावशींना म्हणाले, आज मीच वाढणार आहे आणि दुसरं कुणी डाव धरणार नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर कोपऱ्यावर इंदिरा कॅन्टीन आहे, दहा रुपयांत जेवण मिळतं. हॉल गप्प झाला. मावशी उठून गेल्या. तीन दिवस त्या कॅन्टीनला जेवल्या. साठ वर्षांच्या उपाशी बाईला आपण बाहेर पाठवलं, या विचारानं मला नीट जेवण जाईना, आणि माघार घेतली तर आजीची खडी वाया गेली असं वाटायचं. दोन्ही खरं होतं. अक्का मात्र खूश होती. ती म्हणाली, आमच्याकडे असं आजवर कुणी बोललं नाही.

चौथ्या रात्री मावशींनी ताट पुढं केलं. काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मन बदललं असेल असं मी म्हणणार नाही. कदाचित पैसे संपले असतील. महिन्याभरानं त्यांना ताप आला, मी त्यांना व्हिक्टोरियाला घेऊन गेले, रात्रभर बाकावर बसले. केसपेपर काढणाऱ्यानं विचारलं, ही तुमची कोण? मावशी म्हणाल्या, "कामाची पोरगी हाय तिथली." मला हसू फुटलं. आठ महिन्यांत माझं अचूक वर्णन त्यांनीच केलं होतं, फक्त पगार नव्हता.

अजून एकच सांगते. आमच्या गल्लीत सकाळी झाडायला येणाऱ्या पौरकार्मिक बायका, त्यांना पहाटेपासून दुपारपर्यंत लघवीला जायला जागा नसते. त्या पाणीही कमी पितात. अक्का त्यांना आमचा संडास वापरू द्यायची. एका बैठकीत कुणीतरी हरकत घेतली, की ही सोय आपल्या लाभार्थींसाठी आहे, नियमात बसत नाही. ठराव होणार होता. तेव्हा फुलबाजारातल्या चौघींपैकी एकीनं, जी बैठकीत कधी बोलायची नाही, विचारलं: संडास धुणारी अक्का देते म्हणते, मग तुमचं काय जातं? ठराव झाला नाही.

आठव्या महिन्यात फेलोशिपची थकबाकी आली. खोली आपल्याच एका सीनियरच्या ओळखीनं मिळाली, घरमालकानं आडनाव विचारलं नाही कारण त्याचंही तसलंच होतं. निघताना संस्थेनं मला 'निःस्वार्थ सेवेबद्दल' प्रमाणपत्र दिलं. मी ते नोकरीच्या अर्जांना जोडते, खोटं कशाला सांगू.

त्या सकाळी दाराशी ठेवलेलं रजिस्टर अक्कानं माझ्यापुढं सरकवलं. स्वयंसेवकांनी त्यात सही करायची नसते, ते राहणाऱ्या बायकांचं. तिला फरक माहीत नव्हता, किंवा चांगलाच माहीत होता. शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, सोडून जाण्याचं कारण. वरची पानं मी चाळली. दवाखाना, गावी गेली, न सांगता गेली, न सांगता गेली, कारण माहीत नाही. मी लिहिलं, 'खोली मिळाली'. ते कारण त्या रजिस्टरात माझ्याआधी दोनदाच आलं होतं.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. जय भीम.